मागच्या सीटवरून

१

सकाळी आठला दुकान उघडलं की आमचं पहिलं काम म्हणजे जुन्या गाड्यांना जागं करणं. मी आणि माझा धाकटा भाऊ क्लेटन कॉफीचे पेले हातात घेऊन आवाराच्या एका टोकापासून सुरुवात करतो. कार्बोरेटरच्या गाड्या आठ दिवस नुसत्या उभ्या राहिल्या की रुसतात, म्हणून प्रत्येकीचं इंजिन रोज दहा मिनिटं चालू ठेवायचं. एक खोकते, एक शिंकते, एक सुरू होते आणि विचार बदलल्यासारखी बंद पडते. तीस वर्षं हेच ऐकतोय. डोळे बांधून मला आवारात सोडलंत तरी नुसत्या आवाजावरून कुठली कुठे उभी आहे ते सांगेन.

मी ओरिन केसलर. शाळा नववीत सोडली. वडिलांचं गुराढोरांच्या खाद्याचं दुकान होतं, तिथे पोती उचलली आणि पुढे त्याच जागेवर गाड्या विकायला लागलो. ओहायोच्या या सपाट भागात मका आणि सोयाबीन सोडून बघण्यासारखं काही नाही. त्यामुळे रस्त्यावरून एखादी देखणी गाडी गेली तर माणूस ट्रॅक्टर थांबवून बघतो. साठ-सत्तर सालच्या त्या दोन दारी, अंगापेक्षा मोठं इंजिन घातलेल्या गाड्या, ज्यांना सगळे मसल कार म्हणतात, त्या मी विकतो. बॉनेट एवढं लांब की पुढे काय आहे ते नीट दिसत नाही. मागची सीट नावाला. पेट्रोल पाण्यासारखं जातं, ब्रेक म्हणजे देवावर भरवसा. आणि तरी साठीचा माणूस तिच्यापुढे उभा राहतो तेव्हा नकळत पोट आत घेतो.

एकदा एक पाद्री आले होते. लाल रंगाची घेतली आणि मला म्हणाले, "चर्चच्या मुलांना आणायला-न्यायला बरी पडेल." मी म्हटलं, "फादर, हिच्यात दोनच मुलं बसतील." ते म्हणाले, "आमचं चर्च लहान आहे."

या धंद्याची माझी एकच युक्ती आहे. गिऱ्हाइकाला आत बसवायचं, दार लावायचं, खिडकीशी वाकून विचारायचं, "तुमची कुठली होती?" आणि मग तोंड बंद ठेवायचं. तो बोलत राहतो. तरुणपणची गाडी, नाहीतर घ्यायची राहून गेलेली गाडी. बोलणं संपेपर्यंत त्याची त्यालाच गाडी विकून झालेली असते.

२

ती हिरवी गाडी टोलीडोहून आणली. सत्तर सालची. पावलाक नावाच्या बाईंच्या गॅरेजमध्ये होती, नवऱ्याची. गंज नाही, इंजिन मूळचं, सीटचं काळं कातडं सुद्धा मूळचं. बाईंनी घासाघीस केली नाही. असं झालं की मी सावध होतो, पण त्या दिवशी झालो नाही. क्लेटननं किल्ली फिरवल्यावर जो आवाज आला तो कानाला नाही, बरगड्यांना ऐकू आला. क्लेटन माझ्याकडे बघून हसला. बासष्ट वर्षांच्या त्याला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक आयोवाचे मर्ल. मक्याचा व्यापार. आत बसले, हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि सीट पुढे-मागे न करता म्हणाले, "अगदी माझ्या मापाची आहे." मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"अशीच होती," मर्ल म्हणाले. "खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका. डावीकडे पाण्याची टाकी, अर्धीच रंगवलेली, रंगाऱ्यांचा दोर तसाच लोंबत होता. शेजारी ती बसलेली, अनवाणी पाय डॅशबोर्डवर टाकून. एका अंगठ्याचा रंग उडालेला. खिडक्या उघड्या. आणि ती मान. नुकते केस कापलेले, कातडी उन्हानं भाजलेली, त्यावर पांढरी रेघ. वस्तरा लागला होता तिथे कागदाचा कपटा चिकटवलेला, त्यावर रक्ताचा एक ठिपका." ते थांबले, डोळे पुसले. "मग... मग घरी गेलो असेन."

मला गहिवरून आलं. विक्री झालीच असं धरून चाललो होतो. संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला, गाडी नको म्हणाली. असं होतंच.

तीन आठवड्यांनी इंडियानाचे डुएन आले. शाळेच्या बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आत बसले. "मापाची आहे," म्हणाले. आणि खडीचा रस्ता सांगायला लागले.

टाकी अर्धी रंगवलेली. दोर. अंगठ्याचा उडालेला रंग. कागदाचा कपटा.

माझी एक खोड आहे. एका गिऱ्हाइकाची गोष्ट मी दुसऱ्याला सांगतो, त्यानं गप्पा रंगतात. मर्लची मीच यांना फोनवर सांगितली असणार, असं मनाशी म्हटलं. त्या वयात सगळ्यांच्याच आठवणीत एक रस्ता आणि एक मुलगी असते, हेही म्हटलं. पण तोंडातून गेलंच, "डुएन, तुम्ही गाडी चालवत होतात ना?"

"मग कोण चालवणार?"

"मग ती मान कुणाची?"

ते हसले. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे हळूहळू माझ्या मागे कुठेतरी गेले. मग दार उघडून उतरले, पँट झटकली, "विचार करतो" म्हणाले आणि त्यांच्या गाडीकडे जवळजवळ पळत गेले.

संध्याकाळी मी टेलिफोनची वही काढून बघितली. डुएनशी माझं बोलणं झालं होतं ते फक्त पत्ता सांगण्यापुरतं.

३

मी स्वतः विक्रीच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसत नाही. जीव जडला की किंमत सुटत नाही, एवढंच कारण. ते काम क्लेटनचं. इंजिनं तापवायची, आवाज ऐकायचे, बारीकसारीक दुरुस्ती.

हिरवीची दहा मिनिटं वीस झाली. मग अर्धा तास. मी ऑफिसच्या काचेतून बघायचो. तो आत बसलेला, हात स्टिअरिंगवर, ओठ हलताहेत.

"कुणाशी गप्पा चालतात रे?" एकदा जेवताना विचारलं.

"गप्पा कसल्या. आठवत बसतो." सँडविचचा कागद त्याने नीट घडी करून ठेवला. "आमची ती टाकी आठवते तुला? अर्धी रंगवलेली?"

मी सँडविच खाली ठेवलं. क्लेटनकडे अशी गाडी कधीच नव्हती. चोविसाव्या वर्षापर्यंत तो वडिलांचा खाद्याचा ट्रक चालवत होता आणि त्याच्या शेजारी मी बसत होतो, कोंड्यानं शिंकत. अशी टाकी आमच्या तालुक्यात नाही.

"तुला मर्लनं सांगितलं हे," मी म्हटलं.

"मर्ल कोण?"

"आयोवाचा. रडला तो."

"मी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होतो, ओरिन." तो अगदी सहज म्हणाला. "ऐक ना, आज त्यानं मान हलवली. एवढी एवढीशी. कानाची पाळी दिसली मला."

"कुणी हलवली?"

"मी."

"तुला तुझ्याच कानाची पाळी मागून दिसली?"

बाहेर कुठलंतरी इंजिन थंड होताना टिकटिकत होतं. मग तो जरा वैतागून म्हणाला, "तू असलं काहीतरी विचारतोस ना, तेव्हा ते थांबतं."

४

दुसऱ्या आठवड्यात लोर्ना आली. क्लेटनची बायको. काउंटीच्या ग्रंथालयात काम करते, जिभेला धार आहे, आणि मी तिला एकदाही रडताना पाहिलेलं नाही. त्या दिवशीही ती रडली नाही. ऑफिसचं दार लावून खुर्चीत बसली.

"काल त्यानं मला विचारलं, आपण कुठे भेटलो."

"थट्टा करत असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हटलं, तुरुंगात. तर म्हणाला, असेल." तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली. "डॉक्टरकडे नेऊन आणलं. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणतात, मेंदू चाळिशीच्या माणसासारखा आहे. आजचा वार सांगतो, शंभरातून सातसात वजा करतो. फक्त मी नाही त्यात. लग्न नाही, आमची मुलगी जन्मली तो बर्फाचा दिवस नाही. एकेक करून जातंय, ओरिन. आणि जे जातंय तिथे एक अनवाणी बाई पाय टाकून बसतेय."

मी काचेतून हिरवीकडे बघितलं.

"आज सकाळी मला 'मॅडम' म्हणाला. दार उघडून धरलं माझ्यासाठी. चाळीस वर्षांत कधी धरलं नव्हतं." ती उठली. "आयुष्यभर लोकांच्या गळ्यात गाड्या मारल्यास. ही एक मारायला काय होतंय तुला?"

त्याच दुपारी मी हिरवीची किल्ली काढून तिजोरीत टाकली. चार वाजता काचेतून बघितलं तर क्लेटन आत बसलेला होता. इंजिन बंद. आवारात इतकी शांतता की मक्याची पानं एकमेकांवर घासताना ऐकू येत होती. मी जवळ गेलो. इंजिन बंद होतं हे पुन्हा सांगतो, कारण बॉनेटवर हात ठेवला तर ते गार होतं, आणि तरी त्या काळ्या कातड्याच्या सीटवर बारीक हादरा क्लेटनच्या खांद्यांना बसत होता. खडीवरून जाताना बसतो तसा.

"क्लेट, उतर."

"थांब जरा," तो समोर बघत म्हणाला. "गाल दिसतोय."

मी त्याला काखेत धरून बाहेर ओढला. वजनाला तो मला हलका लागला. भीतीनं अंगात बळ येतं म्हणतात, तसं असेल.

५

दुसऱ्या दिवशी टोलीडोला गेलो. पावलाकबाईंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घेतलं. स्वयंपाकघरात त्यांचा नवरा स्टॅन आमच्याकडे पाठ करून बटाटे सोलत होता, गुणगुणत. बाईंनी मला मागच्या पायरीवर नेलं.

"गाडी घेताना तुम्ही सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"तुम्ही विचारलंत? गंज आहे का, एवढंच विचारलंत. नव्हता."

"तुमच्या नवऱ्याला काय झालं होतं?"

"अकरा महिने मला ओळखत नव्हता. रोज त्या गॅरेजमध्ये. माझा दीर म्हणाला, भंगारात दे, चेपून टाकू. मी दिली नाही." त्यांनी आवाज खाली केला. "तो तिच्यातच असला तर? म्हटलं, चेपायची नाही, जाऊ द्यायची. तुम्ही ती घेऊन गेलात आणि चौथ्या दिवशी त्यानं मला नावानं हाक मारली. इरीन, मीठ कुठंय, म्हणाला. मी जमिनीवर बसले."

"म्हणजे परत आला."

आतून गुणगुणणं चालू होतं. बाई त्या आवाजाकडे कान देऊन होत्या, एखाद्या गाडीचा आवाज मी ऐकतो तशा.

"पुष्कळसा आला," त्या म्हणाल्या.

आणखी काही विचारावं असं मला वाटलं नाही. परतताना दीडशे मैल मी एकच हिशेब करत होतो. चेपून टाकली तर क्लेटनचं जे काही तिच्यात आहे ते गेलं. ठेवली तर उरलेलंही जाईल. विकली, तर ज्याला विकेन त्याला कुणीतरी असेल, आणि मग त्याच्या कुणाला तरी तो मॅडम म्हणेल.

म्हणून मी ठरवलं की एकट्या माणसाला विकायची. ज्याला घरी ओळखायला कुणी नाही अशा माणसाला. हे ठरवल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

६

व्हर्जिल टॅकेट केंटकीहून आले. सत्तरीचे, खाणीत काम केलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. फोनवरच मी विचारून घेतलं होतं. मूलबाळ नाही, बायको जाऊन सहा वर्षं झाली.

त्यांना आत बसवलं. दार लावलं. आणि मला कळेना, तो प्रश्न विचारू की नको. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी गप्प उभा राहिलो. पण काही माणसांना विचारावं लागत नाही.

"ओडेसा इथे बसायची," व्हर्जिल शेजारच्या सीटवर हात ठेवून म्हणाले. "आमची अशी नव्हती, हिची स्वस्तातली बहीण होती. चढावर दम टाकायची. ओडेसा म्हणायची, व्हर्जिल, मी उतरून ढकलू का? उतरायची पण. लोकांसमोर. मी लाजेनं मरायचो." ते हसले. "दुसरं काही राहिलेलं नाही हो आता माझ्याकडे. हेच आठवत बसतो."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. एकट्या माणसाकडे काही नसतं हा माझा हिशेब किती उलटा होता ते कळलं. ऑफिसच्या पायरीवर क्लेटन बसला होता. लोर्नानं त्याच्या हातात सफरचंद दिलं तेव्हा तो तिला अदबीनं "थँक यू, मॅडम" म्हणाला, आणि ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये दोन माणसांची जागा सोडून.

"रोज चालवू नका," मी व्हर्जिलना म्हटलं. "कधीमधी काढा."

"रोज चालवायची नाही तर घेऊ कशाला, केसलर?"

मी तिजोरीतून किल्ली आणून दिली.

"सीट लावून घेता?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "अगदी मापाची आहे."

दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन. गाडी फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळली. मी मागे उभा होतो, क्लेटन माझ्या उजव्या हाताला, त्याच्या सफरचंदाचा वास मला येत होता. मागच्या काचेवर ऊन पडलं आणि सरकलं. पुढे व्हर्जिलची टोपी दिसली. मागच्या सीटवर, मधोमध, आणखी एक डोकं दिसलं. पांढरे केस, डावीकडे थोडे उभे राहिलेले, पाणी लावूनही न बसणारे. त्या केसांसाठी आईनं लहानपणी किती धपाटे घातलेत ते मला माहीत आहे.

पुढच्या सीटची डोकं टेकायची उशी असेल. ऊन होतं. मी उजवीकडे बघितलं. क्लेटन सफरचंद खात होता.

७

चौथ्या दिवशी लोर्नाचा सकाळी सहाला फोन आला. म्हणाली, "त्यानं विचारलं, लोर्ना, माझा निळा मोजा कुठंय." आणि फोनवर ती रडली. मीही रडलो.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. कोंबडी, नूडल्स, त्याखाली कुस्करलेले बटाटे, आमच्याकडे रविवारी असतं तेच. क्लेटन खुशीत होता. मुलीच्या जन्माचा बर्फाचा दिवस त्यानं सगळा सांगितला. लोर्ना त्याला परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारत होती आणि प्रत्येक उत्तराला तिचा चेहरा उजळत होता.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "आपण कुठे भेटलो?"

"तुरुंगात," क्लेटन म्हणाला. तिनं त्याला रुमाल फेकून मारला. "काउंटीची जत्रा, एकाहत्तरचा ऑगस्ट. तुमच्या चर्चचं खाऊचं टेबल. तू रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली पाई विकत होतीस आणि ती कुणी घेत नव्हतं."

"तू तीन तुकडे घेतलेस."

"तीन. नवा पिवळा शर्ट होता. मागे कॉलरमधून दुकानाची चिठ्ठी बाहेर आलेली. पांढरी, एका कोपऱ्याला दुमडलेली. तू टेबलाला वळसा घालून मागून आलीस आणि एका बोटानं ती आत सारलीस."

लोर्नाचा हात तोंडावर गेला. "तुला कळलं होतं? इतकी वर्षं मला वाटलं तुला कळलंच नाही! गर्दी होती, तू पैसे देत होतास. तुला लाज वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही."

"दिसत होतं की," क्लेटन म्हणाला. "कॉलर उसवली होती, त्याखाली मानेवर घामोळं आलं होतं. आणि तुझ्या बोटाला पीठ लागलं होतं, ते मानेवर तसंच राहिलं, पांढरं."

लोर्ना हसत होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलीसारखी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि तिनं त्याचा हात धरून गालाला लावला.

त्यानं हात तसाच राहू दिला. तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, धमकीनं नाही. एखादं गिऱ्हाईक किंमत ऐकून घेतं आणि समोरचा काय म्हणतो त्याची वाट बघतं, तसा, शांतपणे.

"ओरिन, तू गप्प का?" लोर्ना म्हणाली. "बटाटे घे अजून."

मी ताट पुढे केलं.